पाच थोबाडं

अकराच्या चहाच्या सुमारास माझ्या मोबाइलमधून एक मंजुळ घंटी वाजते. देवघरात वाजावी तशी. ती ऐकली की अजूनही मी आधी मोबाइल पालथा घालते.

घंटी वाजली की पडद्यावर पाच गोल पिवळी तोंडं उगवतात आणि वर प्रश्न असतो, ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ पहिलं तोंड दात काढून हसतं. दुसरं ओठ मिटून हसतं. तिसऱ्याचे ओठ म्हणजे सरळ रेघ, चौथ्याचे खाली पडलेले, आणि पाचवं टिपं गाळतं. त्यातलं एक दाबावंच लागतं. बाराच्या आत दाबलं नाही तर अर्ध्या दिवसाची हजेरी कापतात. म्हणजे तुमची काळजी करायला आलेली ही वस्तू तुम्ही उत्तर दिलं नाही तर तुमचाच पगार खाते. आमच्या गोदामात या सगळ्या प्रकाराला ‘थोबाडं’ म्हणतात. ‘थोबाडं दाबली का?’ असं आम्ही एकमेकांना विचारतो. नाक मुरडलेलं थोबाड त्यात नाही. मी पहिल्याच दिवशी शोधलं होतं.

आमचं गोदाम बियाण्यांचं, अकोल्याला. घर अमरावतीला. कितीतरी वर्षं मी बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडते आणि संध्याकाळी परत येते. अप-डाऊन करणाऱ्यांची आमच्याकडे एक वेगळीच जमात आहे. त्यांचा अर्धा संसार घरी आणि अर्धा गाडीत होतो. भाजी निवडायची गाडीत, पोरांच्या लग्नांची बोलणी गाडीत, भांडणंही तिथंच. मी माल पाठवण्याचं काम बघते. कोणत्या तालुक्याला कोणतं बियाणं किती गेलं, ट्रक कुठं अडकला, हे सगळं माझ्याकडे.

पूर्वी आमचा मालक अकोल्याचाच होता. तोंडाचा फाटका. रजा मागायला गेलं की आधी ओरडायचा, ‘पगार कायले देतो मी तुमाले? घरी बसाले?’ सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असा ओरडायचा. मग पाणी प्यायचा आणि विचारायचा, ‘कोन बिमार हाये? कोन्या दवाखान्यात हाये?’ रजा तर मिळायचीच, वर त्याच्या ओळखीच्या डॉक्टरला फोनही जायचा. मी काही त्या माणसाला देव्हाऱ्यात बसवत नाहीये. दिवाळीला तो वाटायचा तो चिवडा आमच्यापैकी कुणी घरी नेत नसे. पण ओरडायला का होईना, समोर माणूस असायचा.

त्याच्या मुलाला धंद्यात रस नव्हता. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं सगळं विकत घेतलं. पाटी बदलली, रंग बदलला आणि महिन्याभरात सगळ्यांच्या मोबाइलवर ते ॲप आलं. हजेरी ॲपवर, रजा ॲपवर, बदली ॲपवर, पगाराची चिठ्ठी ॲपवर. फाटकाशी उभं राहून आपला चेहरा त्याला दाखवायचा. तो ओळखला की आत. डोळे चुरचुरत असले, ओढणी बांधलेली असली की ते ओळखायचं नाही. मग बाया फाटकात ओढण्या सोडून, केस सारखे करून मोबाइलसमोर उभ्या राहायच्या. हे सगळं आमच्या सुखासाठी आहे असं पहिल्या दिवशी पडद्यावरच्या एका गुळगुळीत माणसानं सांगितलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एके दिवशी माझी दाढ ठणकत होती. त्यात गाडी मूर्तिजापूरला मालगाडी पुढं काढायला अडकवून ठेवली. फाटकावर पोचले तर पडद्यावर लाल अक्षरात ‘उशीर’. अकराला घंटी वाजली. मी रडकं थोबाड दाबलं. खरंच तसं वाटत होतं, म्हणून दाबलं.

लगेच उत्तर आलं, ‘धन्यवाद! तुमच्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत. चला, तीन खोल श्वास घेऊ या.’ दुपारी पुण्याहून एका मुलीचा फोन आला. आवाज पाकातून काढलेला.

‘मॅम, मी तुमची वेलनेस पार्टनर बोलतेय. आज तुम्हाला छान वाटत नाहीये का?’

‘दाढ दुखतेय,’ मी म्हणाले.

‘ओके मॅम. मग याचा तुमच्या कामातल्या प्रेरणेवर परिणाम होतोय, असं तुम्हाला वाटतं का?’

दाढेचा आणि प्रेरणेचा संबंध काय, हे मला आजही कळलेलं नाही. मी फोन ठेवला. पण प्रकरण तिथं थांबलं नाही. माझ्या एका थोबाडापायी आमच्या शाखेला लाल शेरा मिळाला. साहेबाला विचारणा झाली. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गोदामानं ताणमुक्तीच्या वर्गाला बसायचं फर्मान निघालं. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये पडदा लावला. पडद्यावरची बाई डोळे मिटून सांगत होती, ‘दीर्घ श्वास घ्या. ताजी हवा आत येऊ द्या.’ बियाण्यांना औषध चोळलेलं असतं. आमच्या गोदामात दीर्घ श्वास कुणी घेत नाही, नाकाला रुमाल बांधतात. हमाल रुमालावरून एकमेकांकडे बघत होते. डबे थंड झाले, सुट्टी संपली.

‘ताई, तुमची दाढ लय महाग पडली बाप्पा,’ भाऊ मला म्हणाले.

भाऊ म्हणजे आमचे स्टोअरकीपर. पन्नाशी ओलांडलेले, काटक, गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा. साहेबापासून हमालापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. तेही अमरावतीचे, माझ्याच गाडीचे. माझी जागा धरून ठेवायचे आणि बसले की झोपायचे.

दुसऱ्या दिवशी अकराची घंटी वाजली तेव्हा भाऊ चहाचा रिकामा ट्रे घेऊन सगळ्यांपुढं फिरले. ‘आना इकडे मोबाइल. मी हासवतो सगळ्यायले.’ सगळ्यांनी मोबाइल उघडून ट्रेमध्ये ठेवले. भाऊंनी चष्मा चढवला आणि एकेकाचं पहिलं थोबाड दाबत गेले. दात काढून हसणारं. माझं, साहेबाच्या कारकुनाचं, वजनकाट्यावरच्या बाईचं, शेवटी स्वतःचं. ‘घ्या, झाले सगळे खूश. आता जेऊ द्या लोकायले निवांत.’ तेव्हापासून तो रिवाजच पडला. चहा आणि थोबाडं एकाच ट्रेमधून व्हायची. आमचे डबे वेळेवर उघडायला लागले.

खोटं बोलल्याचं आम्हाला काही वाटलं नाही. आमच्याकडे कुणी ‘कसं काय?’ विचारलं की उत्तर ‘चांगलं हाये’ हेच असतं. घरात तिरडी बांधलेली असली तरी आधी तोंडातून तेच निघेल. मग बसणं होतं, चहा होतो, पाऊसपाण्याचं होतं. आणि उठताना, दारात चपला घालता घालता, माणूस खरं काय ते बोलतो. वऱ्हाडात खरी गोष्ट चपलांपाशी निघते. पुण्याच्या लोकांना आम्ही तोंडावर बोलणारे, रांगडे वाटतो. दुसऱ्याचं आम्ही तोंडावर बोलतो. स्वतःचं दुखणं सांगायला आम्हाला दारापर्यंत जावं लागतं.

भाऊंचंही मला तसंच कळलं होतं. बडनेरा आलं, गाडी थांबत होती, आणि सीटखालची चप्पल पायानं ओढता ओढता ते म्हणाले, ‘तुमच्या वहिनीच्या किडन्या गेल्या ताई.’ आणि उतरून गर्दीत चालू लागले.

वहिनी वरूडकडच्या. बापाची संत्र्याची बाग होती. माणूस तोंडभर बोलणारं, हसणारं. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी मशीनवर घेतात ते पार दुपार व्हायला येईस्तोवर. उतरल्यावर चक्कर येते, पाय लटपटतात, सोबत माणूस लागतंच. लेक चांदूर बाजारला दिलेली, तिचं पोर लहान. ती जमेल तेव्हा यायची, बाकी शेजारीण जायची. एकदा शेजारीण नव्हती. वहिनी एकट्याच रिक्षानं घरी आल्या, उतरताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि फाटकावर आपटल्या. कपाळाला टाके पडले. भाऊंना फोन गेला तेव्हा ते अकोल्यात मालाची मोजणी करत होते. पोचले ते संध्याकाळी.

त्या दिवसापासून त्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. अमरावतीला बदली. तिथल्या आमच्या लहान ऑफिसात स्टोअरकीपरची जागा रिकामी होती, भाऊंचंच काम. सकाळी तिला दवाखान्यात सोडायचं, दुपारी घरी पोचवायचं, मधल्या वेळात नोकरी. याहून जास्त त्यांनी काही मागितलं नव्हतं.

आमचा साहेब नागपूरचा. वाईट नाही, पण कंपनीनं मोबाइल दिला तेव्हा त्याच्याकडून कणा ठेवून घेतला असावा. ‘भाऊ, माह्या हाती काही राहिलं नाही ना. सिस्टीमवर टाका,’ म्हणाला. भाऊंनी सिस्टीमवर टाकलं. दवाखान्याच्या कागदांचे फोटो मी काढून दिले. आठवड्याभरानं उत्तर आलं तेव्हा आम्ही गाडीत होतो. भाऊंनी मोबाइल माझ्यापुढं धरला. ‘आपण आपल्या सध्याच्या ठिकाणी अत्यंत समाधानी असल्याचे आपल्या दैनंदिन नोंदींवरून दिसते. बदलीसाठी तणावग्रस्त सहकाऱ्यांना प्राधान्य देण्यात येते. आपल्या सकारात्मकतेबद्दल अभिनंदन!’

भाऊंनी चष्मा काढला. ‘म्हंजे मी खूश हाये म्हून हे नाई म्हनून रायले?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या ॲपला, पुण्याला, त्या गुळगुळीत माणसाला गाडीत सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. भाऊ म्हणाले, ‘रायू द्या ताई. मीच त दाबत होतो.’ आणि खिडकीकडे तोंड करून बसले. त्या दिवशी झोपले नाहीत.

पुण्याचे लोक यावर थांबले असते तरी मी त्यांना माणसं म्हटलं असतं. पण वर्षाअखेर कंपनीतली सगळ्यात सुखी शाखा म्हणून आमच्या गोदामाचा नंबर लागला, आणि सुख्यांतले सुखी म्हणून भाऊंचा. त्यांना ‘आनंददूत’ केलं. साहेबानं त्यांना पोत्यांपुढं उभं करून फोटो काढला. ‘दात दिसू द्या भाऊ. अजून. हां.’ तो फोटो पुण्याला गेला, तिथून सगळ्यांच्या मोबाइलवर आला. सत्काराला पुन्हा तोच पडदा लागला आणि पडद्यावर एक मोठा साहेब म्हणाला, ‘घरी इतकं आजारपण असताना, घरचा ताण घरी ठेवून कामावर हसतमुख कसं यायचं, हे आपण सगळ्यांनी यांच्याकडून शिकायला हवं.’

म्हणजे त्यांनी अर्ज वाचला होता. वहिनींचे कागद बघितले होते. बघून, समजून तो साहेब हे बोलत होता. आणि टाळ्या वाजत होत्या. मी उठून बाहेर नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. 

दुसऱ्या दिवशी चहाला आम्ही ठरवलं की भाऊंनी आता रडायचं. तणावग्रस्तांनाच बदली मिळते ना, मग घ्या तणावग्रस्त. भाऊ ट्रे घेऊन आले, सगळ्यांना हसवलं आणि स्वतःच्या मोबाइलवर येऊन त्यांचं बोट थांबलं. ‘माह्यानं नाई होत हे,’ म्हणाले. इतके महिने खोटं हसताना जे बोट अडलं नव्हतं ते खरं रडताना लाजत होतं. शेवटी मीच त्यांचा मोबाइल ओढून घेतला आणि पाचवं थोबाड दाबलं. मग रोज मीच दाबायचे. साहेब बघायचा आणि खिडकीबाहेर पाहायला लागायचा. ॲपनं त्यांना श्वास घ्यायला सांगितलं, झऱ्याचे आवाज पाठवले, हसण्याचे फायदे पाठवले. आणि एका दुपारी फोन आला. तोच पाकातला आवाज.

भाऊ पोत्यावर बसले होते. मी मोबाइलचा स्पीकर लावला. आम्ही सगळे भोवती उभे.

‘नमस्कार सर. गेले काही दिवस तुम्हाला बरं वाटत नाहीये, असं दिसतंय. काही त्रास आहे का सर?’

भाऊ उठून उभेच राहिले. ‘नाई नाई बेटा, काई तरास नाई. तुमी कशा हा? जेवल्या का?’

‘अं... नाही सर. जेवायचंय अजून.’

‘आतालोक उपाशी? किती वाजले पाहा बरं. आधी जेऊन घ्या. असं उपाशी नाई रायनं.’

मी कपाळावर हात मारून घेतला. मनगटावर सुई टोचल्याची खूण केली, वहिनी, वहिनी, असं ओठांनी म्हणाले. भाऊंनी माझ्याकडे पाठ केली.

‘म्हणजे घरी सगळं ठीक आहे ना सर?’

‘चांगलं हाये. देवाच्या दयेनं चांगलं हाये.’

‘थँक यू सर. तुमच्याशी बोलून खूप छान वाटलं.’ आणि फोन बंद. लगोलग पडद्यावर उमटलं, ‘आपल्या अडचणीचे निराकरण झाले आहे.’

‘काऊन नाई सांगतलं भाऊ?’ मी अक्षरशः ओरडले. त्या जुन्या मालकासारखी ओरडले.

‘कोना लेकराले कायले सांगाचं ताई? तिच्या हाती काय हाये? उपाशी होती थे.’

मला माहीत आहे, ती आणखी थोडी थांबली असती, इकडचं तिकडचं बोलली असती, तर ‘ठेवतो बेटा’ म्हणता म्हणता भाऊ बोललेच असते. आमच्या माणसाचं खरं ऐकायचं तर चपलांपर्यंत थांबावं लागतं. पण तिला कुणी थांबू देत नसणार. आणि पुन्हा अर्ज टाकला तर उत्तर तेच आलं, फक्त ‘अभिनंदन’ या वेळी नव्हतं.

पेरणीच्या तोंडावर आमच्याकडे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. ॲपवर भाऊंच्या सगळ्या रजा बंद झाल्या होत्या, सीझन म्हणून. नेमकी शेजारीण लग्नाला गेली आणि लेकीचं पोर तापलं. मला रविवारच्या कामाच्या बदल्यात एक सुट्टी येणं होती, ती सीझनमध्येही चालायची. मी म्हटलं, मी जाते वहिनींबरोबर.

मी पोचले तेव्हा वहिनी मशीनवर होत्या. हाताला नळ्या, पायांवर चादर, तोंडात बर्फाचा खडा. पाणी मोजून प्यायचं म्हणून बर्फ चघळतात. मी ‘कसं काय वहिनी?’ विचारलं. ‘चांगलं हाये,’ म्हणाल्या. मग माझ्या दाढेचं विचारलं. माझ्या सुनेचं विचारलं. वरूडला यंदा संत्र्यांनी आंबिया बहार कसा धरला, ते सांगितलं. स्वतःबद्दल अक्षर नाही. नर्सनं सुया काढल्या, पट्टी बांधली. वहिनी कडेला पाय सोडून बसल्या. पाय सुजले होते. मी खाली वाकून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होते, पट्टा बसत नव्हता.

‘ताई, एक विचारू का?’ वरून आवाज आला. ‘यायले तिथी कामावर लय करमते का?’

मी वर बघितलं.

‘कंपनीचं टोपलं आलं होतं घरी. वरतं यायचा फोटो. असे हासले होते त्याच्यात...’ त्यांनी स्वतःचे दात दाखवले. ‘माह्यासंग असे कधी हासले नाई हे. मंग मले वाटलं, यायलेच याचं नसन घरी. बिमार बाईपाशी कोनाले करमते? मी राग नाई करत ताई. खरं काय थे सांगा फक्त.’

रडत नव्हत्या. मीच खाली जमिनीवर बसले, चप्पल हातात धरून. मी विचारलं, टोपलीत काय होतं.

‘संत्रे. चमकत्या कागदात गुंडाळले होते एकेक. माह्या बापाच्या घरी टरक भरत होते संत्र्याचे, अन् आता मले एक फोड खाची मनाई हाये. शेजारी वाटून देल्ले.’

डायलिसिसच्या बाईच्या घरी संत्र्याची टोपली. तिच्या दवाखान्याचे कागद त्यांच्या मशीनमध्ये पडलेले असताना. मला वाटलं, त्या टोपलीसकट पुणं गाठावं आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक संत्रं फोडून यावं.

मी वहिनींना सगळं सांगितलं. ट्रे, मोबाइल, माझी दाढ, थंड झालेले डबे, अर्ज, त्या मुलीचा फोन, ‘जेवल्या का’. सांगत असतानाच माझ्या पर्समध्ये घंटी वाजली, सुट्टीच्या दिवशीही ती वाजतेच. मी मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी ती पाच थोबाडं निरखून बघितली.

‘हे दाबत होते का? सगळ्यायचे?’

‘हो. सगळ्यांचे डबे गरम राहावेत म्हणून.’

‘बयाडे हायेत हे, पार येडे,’ वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, ‘लावा बरं यायले फोन.’

भाऊंनी उचलला. मागं ट्रकचा आवाज, कुणीतरी पोती मोजत होतं.

‘आवो, आयका. या तुमी घरी. बदली-फदली रायू द्या.’

‘अन् नोकरी?’

‘थे बी रायू द्या. ताईनं सांगतलं मले सगळं. मले वाटलं होतं, तुमालेच याचं नाई.’

पलीकडून पोती मोजणाऱ्याला थांबवल्याचं ऐकू आलं. मग भाऊ म्हणाले, ‘बरं. येतो.’

निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना त्या माणसानं राजीनामा दिला. तोही ॲपवरच द्यावा लागला. कारणांच्या यादीत उच्च शिक्षण होतं, उत्तम संधी होती, परदेशगमन होतं. भाऊंनी ‘इतर’ दाबलं. शेवटच्या दिवशी हमालांनी वर्गणी काढून दह्यात भिजलेले गिलावडे आणले. साहेब भाऊंच्या गळ्यात पडून रडला, आणि मला त्याचा पहिल्यांदा जरा कमी राग आला. भाऊंनी गोदामाच्या दारात चपला घातल्या, एकदा आत वळून बघितलं आणि म्हणाले, ‘मले इथी लय करमत होतं ताई. पन घरी जाचं होतं.’

दुसऱ्या दिवशी अकराला घंटी वाजली. पडद्यावर भाऊंचा तोच फोटो, सगळे दात दिसणारा, आणि खाली, ‘आपला आनंददूत नव्या प्रवासाला निघाला आहे! आज तुम्हाला कसं वाटतंय?’ ट्रे टेबलावर पडून होता. कुणी उचलला नाही. ज्यानं त्यानं आपापला मोबाइल काढला आणि आपापलं थोबाड दाबलं. सगळ्यांनी पाचवं दाबलं होतं, हे नंतर साहेबाच्या उतरलेल्या तोंडावरून कळलं.

दुपारभर पुण्याचे फोन येत होते. माझा आला तेव्हा आवाज मी ओळखला.

‘मॅम, आज तुम्हाला कसं वाटतंय?’

‘किळस येतेय,’ मी म्हणाले.

‘सॉरी मॅम?’

‘किळस. शिसारी. तुमच्या त्या घंटीची, थोबाडांची, संत्र्यांची.’

तिची बोटं वाजल्याचं ऐकू आलं. ‘मॅम, हा पर्याय माझ्याकडे नाहीये. मी “उदास” घेऊ की “थकलेल्या”?’

मी तिला विचारलं, ‘आमचे भाऊ आठवतात? तुम्हाला आधी जेवून घ्या म्हणाले होते.’

ती हळू आवाजात म्हणाली, ‘हो. आठवतात ना. असं कुणी विचारत नाही.’ मग म्हणाली, ‘त्या फोननंतर त्यांचं “आनंदी” असं मीच लिहिलं होतं. मॅम, त्यांना काय झालं होतं?’

हा त्या पोरीनं विचारलेला पहिला खरा प्रश्न. मी सांगितलं. वहिनींच्या कपाळावरच्या टाक्यांपासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत सगळं सांगितलं. मधेच तिच्या बाजूला एक घंटी वाजली. तीच, देवघरातली; त्यांच्या पाळीला ती दुपारी वाजत असावी. ती तरीही थांबली. पुन्हा वाजली. माझं बोलून झालं तेव्हा तिचा आवाज पाकातला राहिला नव्हता.

‘मॅम,’ ती म्हणाली, ‘माझं आजचं राहिलंय दाबायचं. आत्ता नाही दाबलं तर अर्धा दिवस जाईल. पण मला हसरं दाबवत नाहीये.’

‘हसरंच दाब बेटा,’ मी म्हणाले. ‘नाहीतर तुलाही फोन येईल.’